बॉडी की लेन्स? आधी बिघडलेला फोटो नीट पाहा

गोव्यातल्या डिचोलीच्या एका तरुण छायाचित्रकाराचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे कॅनन १५००डी हा लहान सेन्सरचा डीएसएलआर कॅमेरा (आरसा असलेला) आणि तिच्यासोबत आलेल्या १८-५५ व ५५-२५० या दोन लेन्स आहेत. जत्रा, शिगमो, देवळांतल्या उत्सवांची नाटकं आणि अधूनमधून ओळखीतली मुंज किंवा साखरपुडा, असं काम चालतं. ६०-७० हजार रुपये साठले आहेत. मित्र म्हणतात फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची बॉडी) घे, नाहीतर निदान मिररलेस (आरसा नसलेली नवी बॉडी) तरी. दुकानदार म्हणतो, जुनी बॉडी दे आणि नवी घेऊन जा. आणि वाचनात सारखं येतं ते असं, की पैसे नेहमी लेन्समध्येच घालावेत. मग नेमकं काय करावं?

तुमच्यापुरतं उत्तर आधीच सांगतो: लेन्स घ्या, बॉडी आहे तीच ठेवा. मात्र ‘नेहमी लेन्सच’ हे मला मान्य नाही. काही कामं अशी आहेत की तिथे कितीही भारी लेन्स लावली तरी १५००डी हात टेकते. त्यामुळे मी हे उत्तर कशावरून देतोय ते समजून घ्या. उद्या तुमचं काम बदललं की उत्तरही बदलेल.

तुम्ही प्रश्नासोबत साखळीच्या रवींद्र भवनातल्या नाटकाचा एक फोटो पाठवलात. फोटोची माहिती उघडून पाहिली: ५५ एमएम, एफ ५.६ (लेन्सच्या उघडीपीचा आकडा, तो जितका लहान तितका उजेड जास्त), शटर १/३० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, ती वाढली की दाणे वाढतात) ६४००. आता फोटो मोठा करून पाहा. मागच्या पडद्याच्या चुण्या स्वच्छ दिसतात. नटाच्या अंगरख्याची किनारही ओळखू येते. पण वर उचललेला हात पुसट झालाय आणि चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांखालच्या सावलीत, रंगीत दाणे पसरलेत. पडदा स्वच्छ आहे म्हणजे तुमचा हात हललेला नाही, लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनने आपलं काम चोख केलंय. चेहऱ्याच्या मागचं काही जास्त धारदार आणि चेहराच मऊ, असंही नाही, म्हणजे फोकस चुकलेला नाही. हललाय तो नट. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, नटाला थांबवून ठेवत नाही. त्याला थांबवायचं तर शटर १/१२५ च्या पुढे हवं, आणि तितका उजेड तुमच्या लेन्समधून आत येतच नाही.

बिघडलेला फोटो असा वाचता आला की अर्धा निर्णय तिथेच होतो. गेल्या काही कार्यक्रमांतले टाकून दिलेले फोटो काढा आणि प्रत्येकाला हेच विचारा: अख्खी चौकट हललीय, फक्त माणूस हललाय, फोकस भलतीकडे गेलाय, की सगळं ठीक असून माणूस चौकटीत फार लहान दिसतोय? पहिल्याला ट्रायपॉड किंवा सवय लागते. दुसऱ्याला उजेड लागतो. तिसऱ्याला बहुतेक वेळा बॉडी. चौथ्याला लांब लेन्स, नाहीतर चार पावलं पुढे जाणं.

तुमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे, तर त्याचा हिशेब मांडू. एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलात की सेन्सरवर जवळजवळ दहापट उजेड पडतो, स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) तीनच्या थोडं वर. त्यातले दोन स्टॉप शटरला द्या, १/३० चं १/१२५ होईल. उरलेला सव्वा-दीड स्टॉप आयएसओला द्या, ६४०० वरून २५०० च्या आसपास याल. हात थांबला, दाणे बरेच कमी झाले, आणि बॉडी तीच राहिली. आता फुल फ्रेमचं पाहा. तुमचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, फुल फ्रेम ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळ साधारण अडीचपट. त्याच अ‍ॅपर्चरला त्याचा फायदा सव्वा-दीड स्टॉपच्या आत-बाहेर. एकीकडे दहापट, दुसरीकडे अडीचपट, आणि खर्च बरोबर उलटा: ५० एमएम एफ १.८ ही कॅननच्या सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी एक, तर फुल फ्रेम बॉडीत तुमचे सगळे पैसे जातील आणि लेन्स घ्यायचीच राहील.

घ्यायचीच राहील असं म्हणतो कारण तुमच्या १८-५५ सारख्या ईएफ-एस लेन्स, म्हणजे फक्त लहान सेन्सरसाठी केलेल्या, कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. फुल फ्रेम मिररलेसवर अ‍ॅडॅप्टरने बसतात, पण कॅमेरा मधला तुकडाच वापरतो. ईओएस आरपीच्या २६ मेगापिक्सेलमधले साधारण १० उरतात. म्हणजे फुल फ्रेम घेऊन पुन्हा क्रॉपच, लहान सेन्सरचंच चित्र.

आणि ‘निदान मिररलेस तरी’ म्हणणाऱ्या मित्रांना एक विचारा. कॅननच्या आर५० किंवा आर१० या मिररलेस बॉडी घेताना सोबत बहुधा १८-४५ ही किट लेन्स मिळते. तिचं अ‍ॅपर्चर झूमच्या टोकाला एफ ६.३ आहे. म्हणजे नाटकाच्या अंधारात आत्ताच्या लेन्सपेक्षाही कमी उजेड. बॉडी नवी, ऑटोफोकस कितीतरी चांगला, आणि आयएसओ मात्र आणखी वर चढवायचा. सेन्सर त्याच मापाचा असल्यामुळे दाण्यांमध्ये डोळ्यांत भरेल असा फरक नवीन बॉडीने पडणार नाही.

दाण्यांबद्दल आणखी एक. तुम्ही जेपीईजीच काढता असं दिसतंय. आजपासून रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये डीनॉइज हे दाणे काढणारं साधन आलं, आणि त्यानंतर जुन्या क्रॉप बॉडीच्या आयएसओ ३२०० च्या फाइलकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ते रॉ फाइलवर चालतं. पैसे घालायचे नसतील तर कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं, तेही ठीक काम करतं. हलून पुसलेला हात मात्र कुठलंच सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने परत आणत नाही. म्हणून शटर आधी, आयएसओची काळजी नंतर.

आता कुठली लेन्स. नाटकासाठी माझी निवड ८५ एमएम एफ १.८. तुमच्या बॉडीवर ती १३६ एमएम इतकी जवळ आणते. तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या कडेला बसून कमरेपासून वरचा नट चौकटीत भरतो, आणि तुम्हाला प्रेक्षकांच्या मध्ये उभं राहावं लागत नाही. शिरगावला लईराईच्या जत्रेत धोंडांचे (देवीचं व्रत करणाऱ्या भक्तांचे) चेहरे होमकुंडाच्या उजेडात हवे असतील तर हीच लेन्स. तिथे गर्दीत घुसून फोटो काढू नयेत, लांबून काढावेत. ५० एमएम माणसांच्या जवळ असताना: मुंजीत मातृभोजन, मुलाच्या डोक्यावर ठेवलेला आईचा हात, पालखी उचलायच्या आधी खांद्यावर पंचा सारखा करणारे लोक. ५० घेतल्याशिवाय राहू नका, आणि नाटक हेच मुख्य काम असेल तर ८५ ही घ्या. दोन्ही ईएफ लेन्स आहेत (फुल फ्रेमवरही चालणाऱ्या), ईएफ-एस नव्हेत. याचं महत्त्व पुढे सांगतो.

झूमच हवी, लेन्स बदलायला वेळ नसतो, असं म्हणाल तर सिग्माची १७-५० एफ २.८ जुनी, चांगल्या स्थितीतली मिळते का पाहा. सगळ्या झूमभर एफ २.८ मिळतं, म्हणजे ५० च्या टोकाला किटपेक्षा दोन स्टॉप जास्त. मुंजी-साखरपुड्याला ही एकच लेन्स दिवसभर पुरते. नाटकाला थोडी आखूड पडते.

एफ १.८ चा जाचही आहे, तो दुकानात कोणी सांगत नाही. ८५ एमएम, एफ १.८, पाच मीटरवरचा नट: तुमच्या सेन्सरवर धारदार दिसणारी खोली साधारण पाऊण फूट. नायिका पुढे आणि नायक दोन पावलं मागे असेल तर एकच चेहरा स्वच्छ येईल. कोणाचा ते तुम्ही ठरवायचं, म्हणजेच संवाद कोणाचा आहे ते ऐकत फोटो काढायचा. ज्यांना नाटक पाठ असतं त्यांचे नाटकाचे फोटो चांगले येतात त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्याकडे उत्सवी नाटकांची तालीम महिनाभर देवळाच्या चौकात चालते. एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन बसा. कोणत्या प्रवेशाला कोण कुठून येतं हे कळलं की नऊ फोकस पॉइंटवालं यंत्रही पुरतं. त्या नऊपैकी मधलाच क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा धरणारा, आहे. अंधारात तोच वापरा, डोळ्यावर ठेवा, मग चौकट किंचित सरकवा.

लेन्स आल्यावर पहिलं काम: घरी टेबलावर एक फूटपट्टी तिरकी ठेवा, मधल्या आकड्यावर फोकस करा, एफ १.८ वर ट्रायपॉडवरून चार-सहा फोटो काढा. धार सतत त्या आकड्याच्या पुढे किंवा मागे पडत असेल तर लेन्स बदलून मागा. वरच्या दर्जाच्या डीएसएलआरमध्ये हा फरक मेनूतून सुधारता येतो, १५००डीमध्ये ती सोय नाही. म्हणून परत देता येईल अशाच ठिकाणी खरेदी करा.

रंगमंचाच्या प्रकाशात मीटरवरही विसंबू नका. मागे काळा पडदा, पुढे झोतात एक चेहरा. कॅमेऱ्याला अंधार दिसतो आणि तो चेहरा पांढराफट करून टाकतो. मॅन्युअलवर जा, चेहऱ्यावर मोजा. गावच्या मांडवात एलईडीमुळे फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० करून पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात.

काही ठिकाणी काहीच घ्यावं लागत नाही. चवथीच्या माटोळीचे (गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या चौकटीचे) फोटो मऊ येतात असं तुम्ही लिहिलंय. माटोळी हलत नाही. ट्रायपॉड लावा, १८ एमएम, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, शटर एक सेकंद लागलं तरी चालेल. सुपारीच्या शिंपट्यापासून कांगलांपर्यंत सगळं स्वच्छ येईल. उलट इथे एफ १.८ वापरलंत तर अर्धी माटोळी धूसर होईल. तांबडी सुर्लाच्या महादेवाच्या देवळातले कोरीव खांब, फोंताइन्याशच्या गल्ल्या, सगळ्याला हाच नियम. तुमची किट लेन्स एफ ८ वर खरंच चांगली आहे, तिची उगाच बदनामी झालीय. फक्त देवस्थान समितीला विचारल्याशिवाय देवळात ट्रायपॉड उघडू नका. गर्भकुडीत तर पुष्कळ ठिकाणी फोटोच चालत नाहीत.

मुंज आणि साखरपुड्यासाठी तिसरा पर्याय आहे, कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा फ्लॅश. सभागृहाचं छत पांढरं आणि फार उंच नसेल तर छतावर मारलेला फ्लॅश एफ ५.६ च्या लेन्सचंही सोनं करतो. देवळाच्या चौकात छत लाकडी आणि उंच, तिथे तो उजेड वर गेला की खाली येत नाही.

बॉडी कधी घ्यावी, तेही सांगतो, कारण ते दिवस येतीलच.

पहिलं म्हणजे व्हिडिओ. साखरपुड्यासोबत रील्सही द्या असं लोक आता सर्रास सांगतात. १५००डीचा व्हिडिओ फुल एचडीवर थांबतो, चालू व्हिडिओत फोकस नीट धरत नाही, बाहेरचा माइक लावायला जागा नाही. इथे जगातली कुठलीही लेन्स उपयोगी नाही. तुमच्या कामातला मोठा वाटा व्हिडिओचा होणार असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मिररलेसच घ्या.

दुसरं, अंगावर येणारी हालचाल. साखळीची घोडेमोडणी (लाकडी घोडे कमरेला बांधून केलेला नाच), शिगम्याच्या मिरवणुकीत उसळणारा रोमटामेळ (ढोल-ताशांचा जथा), फुटबॉलचा सामना. नट जागेवर हलतो, इथे माणूस तुमच्या दिशेने धावत येतो. डोळा ओळखून धरून ठेवणारा ऑटोफोकस आर१० सारख्या बॉडीत आहे, ती यांत्रिक शटरने सेकंदाला १५ फोटो काढते. तुमची तीन. दिवसाउजेडी काढलेले घोडेमोडणीचे फोटो फोकस सुटल्यामुळे टाकावे लागत असतील, तर तो दोष लेन्सचा नाही.

तिसरं, पैसे घेऊन केलेलं लग्न. तुमच्या बॉडीत कार्ड एकच. ते बिघडलं तर मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत. लग्नाच्या ऑर्डरी नियमित घ्यायच्या ठरवाल तेव्हा दोन कार्डांची बॉडी घ्या. लक्षात असू द्या, आर१० मध्येही कार्ड एकच बसतं, आर७ मध्ये दोन.

माशेलच्या चिखलकाल्यासाठी (चिखलात खेळायचा उत्सव) पाणी-धुळीपासून सीलबंद बॉडी हवी असंही पुष्कळांना वाटतं. मला नाही वाटत. सीलबंद बॉडीला सीलबंद लेन्सही लागते. साधं रेनकव्हर घाला आणि तिथे लेन्स बदलू नका. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात पक्षी टिपायचे असतील तर तुमची २५० कमी पडेल, तिथे १५०-६०० सारखी लेन्स आधी, बॉडी मागून.

आता तुमची रास्त शंका: डीएसएलआरचे दिवस संपत आले, मग तिच्या लेन्स घेऊन पुढे काय? कॅननने २०१८ मध्ये मिररलेससाठी आरएफ माउंट (लेन्स बसवायची नवी बैठक) आणला आणि नवं काम सगळं तिकडे गेलं, हे खरं. पण ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर कॅननच्याच अ‍ॅडॅप्टरने चालतात, ऑटोफोकससकट. त्या अ‍ॅडॅप्टरमध्ये काच नसते. ईएफमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर, आरएफमध्ये २०, मधले २४ मिलिमीटर तो भरून काढतो, त्यामुळे चित्राची प्रत उतरत नाही. उलट मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून फूटपट्टीची ती कटकटही बरीचशी संपते. आज घेतलेली ८५ तुमच्या पुढच्या बॉडीवर आजच्यापेक्षा चांगली चालेल. उद्या फुल फ्रेमवर गेलात तरी ती पूर्ण सेन्सर व्यापेल, म्हणून ईएफ आणि ईएफ-एस हा फरक सांगितला. आरएफ लेन्स मात्र १५००डीवर कशानेही बसणार नाही. निकॉनवाल्या वाचकांसाठी एवढंच: मिररलेसवर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो, जुन्या एएफ-डीचा नाही.

‘बॉडी जुनी होते, लेन्स जन्मभर टिकते’ असं सगळीकडे म्हणतात. गोव्यात हे अर्धंच खरं आहे. इथे जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते, आणि कपाटात बॅगेत बंद करून ठेवलेल्या लेन्सला एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते. ती काचेवरचा लेप खाते, मग साफ करूनही डाग राहतो. लेन्सवर पैसे घालणार असाल तर त्यातलेच थोडे तिच्या घरासाठी बाजूला काढा. इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट उत्तम. ते जमत नसेल तर रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. चामड्याच्या खोळी फेकून द्या, त्या ओल धरतात. आणि लेन्स वापरत राहा. समुद्रावरून आल्यावर किंचित ओल्या फडक्याने बाहेरचं खारं पुसा. एसी हॉलमधून बाहेर दमट हवेत येताना बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर दव साचतं.

जुनी लेन्स घेताना हीच बुरशी आधी शोधा. दोन्ही टोपणं काढा, अंधाऱ्या कोपऱ्यात जा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून पाहत लेन्स हळूहळू फिरवा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, त्याने काही बिघडत नाही. कोळिष्टकासारखे फाटे फुटलेले बारीक धागे कडेला दिसले, किंवा आतून दुधाळ पापुद्रा वाटला, तर किंमत कितीही उतरवून दिली तरी घेऊ नका. हे किनारपट्टीवरच्या जुन्या लेन्सच्या बाबतीत फार घडतं. विकणारा घाई करत असेल तर उद्या येतो म्हणा.

तर क्रम असा ठेवा: आधी ५० एमएम, सिलिका जेलचा डबा आणि रॉवर काम करायची सवय. त्यातच एखादं नाटक पूर्ण काढा. ८५ शक्य असेल तर आधी एका प्रयोगापुरती भाड्याने आणून पाहा. तुम्हाला बसायला मिळणाऱ्या जागेवरून ती फार जवळची वाटली तर ५० वरच थांबा. यानंतरही तुमच्याकडे निम्म्याहून जास्त रक्कम उरलेली असेल. तिला शिगम्यापर्यंत हात लावू नका. रोमटामेळाच्या रात्री टाकून द्यावे लागलेले फोटो पुन्हा याच नजरेने वाचा. फोकस सुटल्याचेच जास्त निघाले, तर मला त्यातल्या दोन-तीन रॉ फाइल पाठवा, मग आर१० की आर७ ते त्या पाहून बोलू.